बाबाजींना कळत होतं का?

पांढुर्णा किंवा सौंसरच्या तहसिलीत फौतीचं नामांतरण बहुतेक वेळा शांतपणे उरकतं. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, पटवाऱ्याचा अहवाल, इश्तहार. मुदतीत कोणाची हरकत आली नाही की खसऱ्यावर नवी नावं चढतात. अडतं ते भावंडांपैकी एकानं वसीयतनामा पुढं केला की. संत्र्याचा बगीचा, विहीर, गावातलं घर, यातलं बरंचसं एकाच्याच नावानं लिहिलेलं असतं. मग बाकीच्यांच्या अर्जात एक वाक्य हमखास येतं: कागद झाला तेव्हा बाबाजींना काही कळत नव्हतं.

हे वाक्य लिहायला सोपं आहे, सिद्ध करायला फार अवघड आहे, आणि खोडून काढायलाही तितकंच अवघड आहे. ज्याच्या मनाबद्दल वाद चाललाय तो माणूस गेलेला असतो. या प्रकरणात त्या एका वाक्याचा माग काढायचा आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो. म्हाताऱ्या माणसावर ‘याला कळतं’ किंवा ‘याला कळत नाही’ असा जन्माचा शिक्का कायदा मारत नाही. तो एका ठरावीक कागदाबद्दल आणि एका ठरावीक घटकेबद्दल विचारतो. त्या घटकेचा पुरावा त्याच वेळी, त्या माणसाच्या स्वतःच्या बोलीत उभा राहिला नसेल, तर पुढं वर्षानुवर्षं भांडूनही तो उभा राहत नाही.

बोलीचा मुद्दा या मुलखात का येतो, ते इथल्या इतिहासात आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली काढून पांढुर्णा जिल्हा झाला. इंग्रजी अमदानीत पांढुर्णा हे सौंसर तहसिलीतलंच एक गाव होतं. १९३६ मध्ये नागपूरला उच्च न्यायालय झालं आणि इथली अपिलं तिथं जाऊ लागली. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, सौंसरची मराठी पट्टी मध्य प्रदेशात राहिली, आणि अपिलाची वाट जबलपूरकडं वळली. दवाखान्यासाठी माणसं आजही नागपूरलाच जातात. शेजारच्या वरुड, नरखेड, काटोलात तलाठी, सातबारा आणि फेरफार. इथं पटवारी, खसरा आणि नामांतरण. घरात वऱ्हाडी वळणाची मराठी, कचेरीत हिंदी.

मृत्युपत्राचा कायदा मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच आहे, १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा. खेड्यापाड्यातल्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना त्याचे नियम लागू झाले ते १ जानेवारी १९२७पासून. त्याआधी इथला हिंदू शेतकरी चार माणसांसमोर तोंडीही आपली इच्छा सांगून जाऊ शकत होता. म्हणजे लेखी कागद, सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार हा रिवाज या भागात अजून शंभर वर्षांचाही झालेला नाही. (मुसलमान कुटुंबांचा नियम वेगळा आहे. तोंडी वसीयत चालते, पण वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. गोंड आणि इतर अनुसूचित जमातींना १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू नाही; तिथं रूढी पाहावी लागते. पुढचं विवेचन हिंदू कुटुंबांपुरतं आहे.)

या कायद्याचं ५९वं कलम म्हणतं की सज्ञान आणि ‘शुद्ध मनाच्या’ कोणत्याही व्यक्तीला मृत्युपत्र करता येतं. शुद्ध मन म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यानं दिलेली नाही. त्याऐवजी चार स्पष्टीकरणं आणि तीन उदाहरणं दिली आहेत. मला ही उदाहरणं व्याख्येपेक्षा जास्त मोलाची वाटतात, कारण ती खाटेवर पडलेल्या माणसाकडं बघून लिहिल्यासारखी आहेत.

पहिल्या उदाहरणातल्या माणसाला आजूबाजूला काय चाललंय ते दिसतं, रोजच्या प्रश्नांना तो उत्तरंही देतो. पण आपली मालमत्ता कशी आणि काय आहे, आपलं रक्ताचं माणूस कोण, कोणाला देणं योग्य ठरेल, याची त्याला पुरेशी समज नाही. त्याचं मृत्युपत्र चालत नाही. दुसऱ्या उदाहरणातला माणूस कागदावर सही करतो, पण तो कागद काय आहे आणि त्यानं काय होणार आहे हे त्याला उमगलेलं नाही. त्याचंही चालत नाही. तिसरा अगदी खंगलेला, अशक्त आहे. तरी मालमत्तेची व्यवस्था कशी लावावी याचा विचार करू शकतो. त्याचं मृत्युपत्र वैध आहे.

या तीन उदाहरणांत गावातले दोन्ही गैरसमज निकालात निघतात. ‘जेवला का म्हटलं तर हो म्हणत होते, पाव्हण्याले राम राम घालत होते, मंग कळत कसं नव्हतं?’ हे पहिल्या उदाहरणानं सुटतं. स्मृतिभ्रंशाच्या रोग्याची शिष्टाचाराची सवय फार उशिरा जाते. हसून बोलणं, विचारपूस करणं, ‘बरं हाय’ म्हणणं बराच काळ टिकतं. आतून हिशेब केव्हाच सुटलेला असतो. उलट, ‘उठूनही बसवत नव्हतं, हात थरथरत होता, त्याले काय कळते?’ हे तिसऱ्या उदाहरणानं सुटतं. थकलेलं शरीर म्हणजे थकलेली समज नव्हे. स्पष्टीकरणांत आणखी तीन गोष्टी आहेत. मुकं, बहिरं किंवा आंधळं माणूस आपण काय करतोय हे जाणत असेल तर मृत्युपत्र करू शकतं. आणि एरवी वेड असलेला माणूस मन ताळ्यावर असलेल्या काळात ते करू शकतो. नशा, आजार किंवा आणखी कशामुळंही आपण काय करतोय हे ज्याला त्या वेळी समजत नाही, त्याला मात्र करता येत नाही.

भारतीय न्यायालयं याच्या जोडीला १८७०चा एक इंग्रजी निकाल आजही वापरतात, बँक्स विरुद्ध गुडफेलो. जॉन बँक्स हा कंबरलंडमधला माणूस. काही काळ वेड्यांच्या इस्पितळात राहून आलेला. मरून गेलेला एक माणूस आपला पाठलाग करतो आणि पिशाच्चं आपल्याला छळतात, असं त्याला वाटे. १८६३ मध्ये त्यानं मृत्युपत्र करून आपली पंधरा घरं आपल्याजवळ राहणाऱ्या भाचीला दिली. तो वेडाच होता, असं म्हणत दुसऱ्या नातेवाइकानं दावा लावला. सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी मृत्युपत्र टिकवलं. बँक्सला भास होत होते हे खरं, पण भाचीला घरं देण्याच्या निर्णयाशी त्या भासांचा काही संबंध नव्हता. मृत्युपत्र म्हणजे काय हे त्याला कळत होतं, आपल्याकडं काय आहे हे ठाऊक होतं, कोणाचा हक्क पोचतो याचं भान होतं, आणि कोणत्याही मानसिक विकारानं त्याच्या मायेत विष कालवलेलं नव्हतं. याच चार कसोट्या पुढं जगभर रूढ झाल्या.

चौथी कसोटी समजायला १८२६चा ड्यू विरुद्ध क्लार्क हा खटला पाहावा. एली स्टॉट हा विजेचे उपचार करणारा लंडनचा माणूस. व्यवहारात हुशार, धंद्यात चोख, ओळखीच्यांना त्याच्यात काही वावगं दिसत नव्हतं. पण आपली एकुलती एक मुलगी जन्मापासून दुष्ट आहे, असा त्याचा ठाम आणि निराधार समज होता. त्यानं तिला जवळजवळ सगळ्यातून वगळलं. न्यायालयानं मृत्युपत्र रद्द केलं. बँक्सचं वेड अख्ख्या गावाला दिसत होतं, तरी त्याचा कागद टिकला. स्टॉटचं फक्त मुलीपुरतं होतं, आणि नेमकं तेच कागदावर उतरलं होतं. वेड किती मोठं होतं, याच्याशी न्यायालयाला कर्तव्य नाही. कागदातल्या त्या निर्णयात ते शिरलं होतं का, एवढंच ते बघतं.

आपल्या घरांत हे फार ओळखीचं आहे. स्मृतिभ्रंशात संशय बळावतो. म्हातारी स्वतःच लुगड्याच्या घडीत ठेवलेले पैसे विसरते आणि रोज आंघोळ घालणाऱ्या सुनेवर चोरीचा आळ घेते. सून जेवणात काही तरी मिसळते म्हणून ताट सरकवते. त्याच महिन्यात कोणी लांबून येऊन त्या सुनेला आणि तिच्या नवऱ्याला वगळणारा कागद करून घेतला, तर आजीला शेत किती एकर आहे हे तोंडपाठ असूनही तो कागद चौथ्या कसोटीवर पडू शकतो.

आता वैद्यकाकडं येऊ, कारण न्यायालयात शेवटी डिस्चार्ज कार्डं आणि तपासण्या पुढं येतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनं भारतात साठीपुढच्या माणसांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असं काढलं आहे. पण मृत्युपत्राच्या वादात स्मृतिभ्रंशापेक्षा घोळ घालणारी गोष्ट दुसरीच असते. तिला डॉक्टर डिलिरियम म्हणतात, गावात ‘बरळणं’ म्हणतात. खुब्याचं हाड मोडून शस्त्रक्रिया झाली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, रक्तातलं सोडियम घसरलं, झोपेचं औषध जास्त झालं, की चांगला शहाणा म्हातारा दोन दिवसांत बरळू लागतो. मुलाला भाऊ समजतो, दवाखान्याला घर समजतो. ही अवस्था दिवसभरात चढते-उतरते. सकाळी स्वच्छ बोलणारा माणूस दिवेलागणीला हरवतो. कारण दूर झालं की तो बहुधा पुन्हा भानावर येतो. म्हणून अशा प्रकरणात कागदावरची तारीख पुरत नाही, वेळही लागते. नर्सनं रात्री लिहिलेली नोंद आणि डॉक्टरांची सकाळची ‘कॉन्शस, ओरिएंटेड’ ही नोंद दोन्ही खऱ्या असू शकतात.

झटका आला असेल तर आणखी एक फसगत होते. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की काही जणांची वाचा जाते, पण समज शाबूत राहते. त्यांना बोलता येत नाही म्हणून कळत नाही, असं घरचे समजून चालतात. उलट काही जण अखंड बोलतात आणि त्यात अर्थ नसतो. ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्याला तर निम्मं गाव ‘डोकं गेलं’ म्हणून मोकळं होतं. कानाच्या यंत्रानं सुटणारा प्रश्न डोक्याच्या खात्यावर लावू नये.

एमएमएसई नावाची चाचणी वकिलांच्या फार लाडकी आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झालेली, तीस गुणांची. तिच्यात शंभरातून सात-सात वजा करायचे, एक वाक्य लिहायचं, पंचकोनांची आकृती उतरवायची. आयुष्यात पेन्सिल न धरलेल्या, पण मंडईत संत्र्याच्या ढिगाचा भाव नजरेनं ठरवणाऱ्या बाईला ही चाचणी हमखास कमी गुण देणार. हीच अडचण ओळखून हरियाणातल्या बल्लभगड भागातल्या, बहुतेक निरक्षर वृद्धांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बेतली गेली आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तरीही कोणत्याही चाचणीतले गुण म्हणजे मृत्युपत्राची पात्रता नव्हे. पंचवीस गुणांच्या माणसाला आपला मोठा मुलगा कोण हे माहीत नसू शकतं, आणि अठरा गुणांची आजी कोणाला काय आणि का द्यायचं ते बिनचूक सांगू शकते. मानसोपचार चालू होते, एवढ्यानंही काही ठरत नाही. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा स्पष्ट सांगतो की मानसिक आजार आहे म्हणून माणूस आपोआप ‘विकल मनाचा’ ठरत नाही. तसं सक्षम न्यायालयानं ठरवावं लागतं.

मग पुराव्याचं ओझं कोणावर? भारतात याचा पाया घातला तो एका सातारकरानं. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर तेव्हा सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. नोव्हेंबर १९५८ मध्ये वेंकटाचल अय्यंगार विरुद्ध थिम्मजम्मा या म्हैसूरकडच्या खटल्यात त्यांनी निकाल लिहिला. मृत्युपत्र पुढं आणणाऱ्यानंच ते करून घेण्यात पुढाकार घेतलेला, आणि मोठा लाभ त्याच्याच मुलांना. निकालाचं सार असं: मृत्युपत्र सिद्ध करण्याची जबाबदारी ते पुढं आणणाऱ्याची. करणाऱ्याचं मन शुद्ध होतं, त्याला मजकूर समजला होता आणि त्यानं राजीखुशीनं सही केली, हे त्यानं दाखवायचं. संशय घ्यावा अशी परिस्थिती असेल तर ती आधी त्यानंच दूर करायची, आणि न्यायालयाच्या सद्सद्विवेकाचं समाधान व्हायला हवं. ते समाधान झालं नाही आणि मृत्युपत्र टिकलं नाही. १९७६ मध्ये यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी जसवंत कौर खटल्यात हीच सूत्रं पुन्हा मांडली. संशयाचं सावट पडलं की मृत्युपत्राचा खटला निव्वळ दोन पक्षांचा राहत नाही, असं त्यांनी सांगितलं.

जबरदस्ती, फसवणूक किंवा माणसाची मर्जीच हिरावून घेणारा तगादा (६१वं कलम) झाला असं म्हणणाऱ्याला मात्र ते स्वतः सिद्ध करावं लागतं. कोणी, केव्हा, काय केलं याचा तपशील दाव्यातच द्यावा लागतो. हरकत घेणारे नेहमी दोन्ही आरोप एकाच दमात करतात, ‘कळत नव्हतं आणि दबाव होता’. वकिलाशी बोलताना हे दोन धागे वेगळे ठेवा. कळतच नव्हतं तर दबावाची गरज काय होती, असा प्रश्न उलटतपासणीत येतोच.

संशयाची परिस्थिती म्हणजे काय? थरथरती, इतर सह्यांशी न जुळणारी सही. मृत्यूच्या अगदी तोंडावर झालेला कागद. लाभ घेणाऱ्याची त्या खोलीतली लगबग. बायकोला किंवा मुलींना कारण न देता वगळणं. यातलं शेवटचं या भागात सर्रास दिसतं आणि त्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. मुलींना वगळलं म्हणून मृत्युपत्र आपोआप पडत नाही. नेहमीचा वारसाक्रम बदलायलाच तर माणूस मृत्युपत्र करतो. पण हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानं सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सेदार, झाली, आणि २०२०च्या विनीता शर्मा निकालानं वडील तेव्हा हयात असण्याची अटही नाही हे पक्कं केलं. वडील वडिलोपार्जित जमिनीतला फक्त आपला हिस्सा मृत्युपत्रानं देऊ शकतात. तेव्हा ‘बाबाजींना कळत होतं का’ या वादात शिरण्याआधी ‘बाबाजींचं होतं किती’ हे बघा. अनेक लेकी पहिल्या प्रश्नावर वर्षं घालवतात आणि दुसऱ्या प्रश्नावर आपण आधीच हक्कदार आहोत, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आणखी एक प्रश्न वारंवार येतो. बाबाजींनी वकिलाला सगळं व्यवस्थित सांगितलं, पण कागद तयार होऊन सहीला आला तेव्हा ते खालावले होते. इंग्लंडच्या १८८३च्या पार्कर विरुद्ध फेल्गेट निकालानं, आणि सिलोनमधून प्रिव्ही कौन्सिलकडं गेलेल्या १९०१च्या परेरा खटल्यानं, इथं थोडी सवलत दिली. सूचना देताना मन पूर्ण ताळ्यावर होतं आणि सही करताना ‘मी सांगितलेलाच हा कागद’ एवढं कळत होतं, तर चालतं. ही सवलत टिकते ती सूचना नोंदवून ठेवल्या असतील तरच.

आता इथल्या कागदाकडं पाहू. दस्तलेखक साच्यातलं हिंदी लिहितो. ‘पूरे होशोहवास में, बिना किसी दबाव के’ हे वाक्य प्रत्येक वसीयतनाम्यात असतं, म्हणून न्यायालयात त्याचं वजन शून्याजवळ आहे. त्या वाक्याच्या पुढचं जास्त महत्त्वाचं आहे: मजकूर वाचून दाखवला का, कोणी, आणि कोणत्या बोलीत समजावला? ज्या आजीचं सगळं आयुष्य मराठीत गेलं, तिच्यापुढं ‘चल-अचल संपत्ति’, ‘निष्पादक’, ‘हस्तांतरण’ असं धडाधड वाचलं आणि तिनं मान डोलावली, तर तिला काय समजलं याचा पुरावा उरत नाही. नोंदणी झाली म्हणून हे भरून येत नाही. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, तिला मुद्रांक लागत नाही, आणि ती केलेली बरी. पण राणी पूर्णिमा देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फार पूर्वीच सांगितलं की नोंदणी उरकल्यासारखी झाली असेल, अधिकाऱ्यानं मजकूर वाचून दाखवला नसेल, तर तिच्यानं संशय फिटत नाही. कायद्याला मराठीतलं मृत्युपत्र चालतं. नोंदणी कार्यालयाच्या सोयीसाठी हिंदी हवंच असेल, तर मजकूर अमक्यानं मराठीत समजावून सांगितला अशी ओळ कागदात असावी आणि तो अमका साक्षीला येण्यासारखा असावा.

समजावणारा डॉक्टर असो की वकील, त्यानं लाभ मिळणाऱ्यांना खोलीबाहेर काढावं आणि असे प्रश्न विचारावेत, ज्यांना ‘हो’ म्हणून सुटता येत नाही.

‘बाबाजी, वावर किती हाय तुमचं? कुठं कुठं हाय?’

‘पोरंपोरी किती? कोण कुठं राह्यते?’

‘हा कागद कायचा हाय? हा कवा लागू होईन?’

‘बगीचा धाकट्यालेच काऊन? थोरल्याले काऊन नाही?’

उत्तरं शब्दशः, त्यांच्याच बोलीत लिहून ठेवावीत, वेळेसकट. ‘थोरल्याले नागपुरात घर घेऊन देल्लं, म्हून’ हे एक वाक्य दहा प्रमाणपत्रांना भारी पडतं, कारण त्यात मालमत्तेचं भान आहे, नात्यांचं भान आहे आणि निर्णयाचं कारण आहे. मोबाइलवर चित्रीकरण करायला हरकत नाही, पण त्यात मुलगा प्रश्नातच उत्तर सांगत असेल तर तेच चित्रीकरण विरुद्ध जातं. मृत्यूनंतर मिळवलेलं ‘मानसिकदृष्ट्या स्वस्थ होते’ असं डॉक्टरांचं पत्र फारसं टिकत नाही. त्या दिवशीची तपासणीची नोंद टिकते. साक्षीदार वयानं तरुण, गावातच राहणारे आणि वाटणीशी संबंध नसलेले निवडावेत. कायद्यानं दोघांनी साक्षांकन करावं लागतं आणि कोर्टात त्यातला किमान एक, हयात असेल तर, उभा करावा लागतो.

मोठ्या घरांतही वाद याच वाटेनं जातो. बाळासाहेब ठाकरे यांचं मृत्युपत्र डिसेंबर २०११चं, निधन १७ नोव्हेंबर २०१२चं. उद्धव ठाकरे यांनी प्रोबेटसाठी, म्हणजे मृत्युपत्रावर न्यायालयाची मोहोर मिळवण्यासाठी, मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला तेव्हा जयदेव ठाकरे यांनी हरकत घेतली की वडिलांची मनःस्थिती ठीक नव्हती आणि त्यांच्यावर प्रभाव टाकला गेला. उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष झाली, उलटतपासण्या झाल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये जयदेव यांनी हरकत मागं घेतली आणि त्या प्रश्नावर निकाल देण्याची वेळच आली नाही.

मुंबईत असा वाद प्रोबेटच्या अर्जातून उभा राहिला. पांढुर्णा-सौंसरच्या हिंदू कुटुंबांना प्रोबेटची सक्ती नाही, म्हणून इथं तो तहसीलदारापुढं सुरू होतो, आणि तिथंच लोकांची दिशाभूल होते. मध्य प्रदेशातल्याच जितेंद्र सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा सांगितलं की नामांतरणाच्या नोंदीनं मालकी ठरत नाही. ती नोंद महसुलापुरती असते. मृत्युपत्रावर गंभीर वाद असेल तर जागा दिवाणी न्यायालयाची. तहसिलीत हरलात म्हणून जमीन गेली असं नाही, आणि तिथं जिंकलात म्हणून मिळाली असंही नाही. हरकत घेणाऱ्यानं तहसिलीतल्या तारखांवर दम न घालवता वेळेत दिवाणी दावा लावावा, आणि दवाखान्याची कागदपत्रं लगेच मागवावीत, कारण दवाखाने जुनी कार्डं कायम जपून ठेवत नाहीत.

दिवाणी न्यायालयात बोलीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. २००२पासून साक्षीदाराची सरतपासणी शपथपत्रावर होते. म्हणजे अंगठ्याच्या वेळी खाटेशेजारी उभ्या असलेल्या शेजाऱ्याची मुख्य साक्ष वकिलाच्या कचेरीत हिंदीत टंकली जाते. तो स्वतःच्या तोंडानं बोलतो ते थेट उलटतपासणीत. ‘बाबाजींनी वाचलं का?’ ‘नाही जी, त्याईले वाचून दाखवलं.’ ‘कोणी?’ ‘लिहिणाऱ्यानं.’ ‘मराठीत की हिंदीत?’ शपथपत्रात ‘मेरे समक्ष पढ़कर समझाया गया’ असं आहे आणि शेजाऱ्याला ते कोणत्या बोलीत वाचलं हे आठवत नाही, इथं अनेक खरी मृत्युपत्रंही कोसळतात. दिवाणी प्रक्रिया संहितेत अठराव्या आदेशाचा सहावा नियम आहे: साक्ष ज्या भाषेत दिली त्याहून वेगळ्या भाषेत ती लिहून घेतली गेली आणि साक्षीदाराला ती लेखी भाषा समजत नसेल, तर लिहिलेलं त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितलं पाहिजे. हिंदी कानावर असते म्हणून इथला साक्षीदार ‘समजलं’ म्हणतो आणि सही करून निघतो. त्यानं थांबावं, वाचून घ्यावं, मराठीत समजावून मागावं, चूक असेल तर तिथंच दुरुस्त करून घ्यावी. शपथपत्रावर सही करण्याआधी वकिलाच्या कचेरीतही हेच करावं, कारण जबलपूरला दुसऱ्या अपिलात पोचतो तो कागदच. शेजारी तिथं नसतो, आणि त्यानं वऱ्हाडीत काय सांगितलं होतं हे तिथं कोणी विचारत नाही.